दुसऱ्या बाटलीचा धंदा: अमेरिकेत नॅचरल हेअरचा ब्रँड उभारणाऱ्या नवख्यांसाठी

ज्यांना बँकेने दारातही उभं केलं नसतं, अशा बायकांनी अमेरिकेतला हा धंदा उभारला. ॲनी टर्नबो मलोन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सेंट लुईसमधून ‘पोरो’ या नावाने केसांची उत्पादनं विकली. त्यांच्या एजंट म्हणून काम केलेल्या सारा ब्रीडलव्ह यांनी पुढे मॅडम सी. जे. वॉकर या नावाने १९०६ मध्ये स्वतःचा धंदा सुरू केला. त्या काळी घरोघरी नळ नव्हते, डोकं क्वचितच धुतलं जाई, टाळूचे विकार आणि केसगळती सर्रास असे. वॉकरबाईंचं मलम म्हणजे मुख्यतः पेट्रोलियम जेली आणि गंधक. त्यात जादू काही नव्हती. पण ते ज्या डोक्यांसाठी होतं ती डोकी त्यांनी जवळून पाहिली होती. दोघींनीही दुकानदारांची वाट पाहिली नाही. बायकांना शिकवलं, एजंट नेमल्या, दारोदार डबे विकले.

आज साधनं बदलली आहेत. तरी माझ्या मते या धंद्यात एकच आकडा खरं बोलतो, तो म्हणजे दुसऱ्या बाटलीचा. पहिली बाटली कुतूहलापोटी विकली जाते, ओळखीपोटी विकली जाते, छान फोटोमुळेही विकली जाते. दुसरी मात्र केसांना फरक पडला तरच. पुढे जे सांगतो आहे ते सगळं या दुसऱ्या बाटलीकडे तोंड करून सांगतो आहे. ज्यांच्या घराण्यात कुणी धंदा केलेला नाही, ज्यांच्या फोनमध्ये एकाही गुंतवणूकदाराचा नंबर नाही, आणि भांडवलवाल्यांच्या बैठकीत ज्यांच्यासारखं दिसणारं कुणीच नसतं, त्यांच्यासाठी हे आहे.

आधी डोकं ठरवा, मग बाटली

अमेरिकेत नॅचरल हेअर म्हटलं की जडीबुटीचं तेल कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. रिलॅक्सर लावून सरळ न केलेले, मूळच्या पिळाचे केस, आणि तेही प्रामुख्याने कृष्णवर्णीय स्त्रियांचे, असा त्याचा अर्थ आहे. हे केस तसेच ठेवणं तिथे साधी आवडनिवड नव्हती. त्यापायी शाळेतून घरी पाठवलं जाई, नोकरी हुकत असे. केसांवरून भेदभाव करायला बंदी घालणारा क्राउन ॲक्ट कॅलिफोर्नियाने सर्वांत आधी केला, तो २०१९ मध्ये. नंतर बऱ्याच राज्यांनी तसे कायदे केले. २०२२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी सुमारे ३३,५०० स्त्रियांच्या पाहणीवरून केस सरळ करणाऱ्या रसायनांचा वारंवार वापर आणि गर्भाशयाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला. सत्तरीपर्यंत हा कर्करोग होण्याचं प्रमाण ही रसायनं न वापरणाऱ्यांत १.६४ टक्के, तर वारंवार वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के असल्याचा त्यांचा अंदाज होता. या बातमीनंतर रिलॅक्सर सोडणाऱ्यांच्या मनात पहिला प्रश्न येतो, ‘आता या केसांचं करायचं काय?’ तुमचा ग्राहक या प्रश्नातून येतो.

केसांचे प्रकार सांगताना सगळे ‘थ्री-बी’, ‘फोर-सी’ म्हणतात; त्यातला आकडा आणि अक्षर पीळ किती घट्ट ते सांगतात. ओप्रा विन्फ्री यांचे केशभूषाकार आंद्रे वॉकर यांनी १९९० च्या दशकात लोकप्रिय केलेली ही पद्धत आहे. बाटलीवर लिहायला ती बरी, पण फॉर्म्युला बनवायला अपुरी. एकाच ‘फोर-सी’ नावाखाली एकीचा केस दोऱ्यासारखा जाड असतो, तर दुसरीचा कोळ्याच्या जाळ्यासारखा बारीक. पाणी शोषण्याची क्षमता, केसाची जाडी, घनता, आधी झालेलं ब्लीच आणि आठवड्याची सवय यांवर तुमचं उत्पादन चालणार की नाही हे ठरतं.

घट्ट पिळाचे केस कोरडे का पडतात हेही नीट समजून घ्या. टाळूतून निघणारं तेल सरळ केसावरून घरंगळत टोकापर्यंत जातं, पण पिळावर ते वाटेतच अडतं. प्रत्येक वळणावर केसाचं वरचं आवरण ताणलेलं असतं आणि तुटायला तिथूनच सुरुवात होते. म्हणून या केसांच्या मूळ गरजा दोन: गुंता सोडवताना घर्षण कमी करणं आणि आतला ओलावा टिकवणं.

आता एकच अडचण निवडा. महिनाभर घातलेल्या वेण्या उसवल्यावर होणारा गुंता, ही एक अडचण झाली. ‘सगळ्या केसांसाठी सगळं काही’ हा धंदा मोठ्या कंपन्यांचा आहे आणि त्यात त्या तुम्हाला गाडून टाकतील. वीस-पंचवीस जणींशी बोला. ‘मी असं क्रीम काढलं तर घ्याल का?’ हे विचारू नका. सगळ्या ‘हो’ म्हणतील, कारण नाही म्हणणं अवघड असतं. विचारायचं ते असं: मागच्या वॉश डेला, म्हणजे केस धुण्या-विंचरण्याच्या दिवशी, काय काय केलं, किती तास लागले, कुठे वैताग आला? जमल्यास न्हाणीघरातल्या फळीचा फोटो मागा. अर्धवट सोडलेल्या बाटल्यांकडे नीट बघा. तुमचा अभ्यासक्रम तिथे मांडून ठेवलेला असतो.

इथे आपल्यासारख्या देशी मंडळींसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आपले केस लाटेसारखे किंवा मोकळ्या कुरळ्या बटांचे असतील, तर आपल्याला तेवढेच केस कळतात. घट्ट पिळाच्या केसांसाठी उत्पादन काढायचं असेल तर ते केस ज्यांच्या डोक्यावर आहेत त्या भागीदार हव्यात, नुसत्या मॉडेल म्हणून नव्हेत. याबाबतीत ग्राहक फार जागरूक आहेत. २०१७ मध्ये शीमॉइश्चर या ब्रँडच्या एका जाहिरातीत गोऱ्या स्त्रिया ठळकपणे दिसल्या आणि ज्यांनी हा ब्रँड मोठा केला त्या कृष्णवर्णीय स्त्रिया इतक्या चिडल्या की कंपनीला जाहिरात मागे घेऊन माफी मागावी लागली.

ओट्यावरून प्रयोगशाळेकडे

पहिले प्रयोग ओट्यावर करायला हरकत नाही. लिसा प्राइस यांनी ‘कॅरल्स डॉटर’ ब्रुकलिनच्या आपल्या स्वयंपाकघरातूनच सुरू केलं. पण पहिल्या दिवसापासून चमचे-वाट्या बंद. ग्रॅममध्ये तोलणारा काटा घ्या आणि प्रत्येक घाण्याची नोंद ठेवा: कोणता घटक, कोणत्या पुरवठादाराचा, त्याचा लॉट नंबर, किती टक्के, किती तापमानाला घातला, शेवटी पीएच किती आला. पुढे कारखान्याला द्यायची, विमावाल्याला दाखवायची आणि कुणी तक्रार केली तर स्वतःला वाचवणारी चीज हीच वही आहे.

नवख्यांना सगळ्यात महाग पडतो तो पाण्याचा मामला. ज्यात पाणी आहे त्यात जंतू वाढणारच. कोरफडीचा गर, जवसाचं जेल, गुलाबपाणी, तांदळाचं पाणी हे सगळं जंतूंच्या दृष्टीने पाणीच आहे आणि वर त्यात खाऊही आहे. ‘प्रिझर्व्हेटिव्ह-फ्री’ लिहायच्या मोहात पडून अशी क्रीम विकणं म्हणजे लोकांच्या टाळूवर प्रयोग करणं. व्हिटॅमिन ई तेलाला खवट होण्यापासून वाचवतं, जंतूंना मारत नाही. पोटॅशियम सॉर्बेट आणि सोडियम बेन्झोएट ही जोडी ‘नॅचरल’ ग्राहकांना चालते, पण ती आम्लधर्मी मिश्रणातच काम करते. पीएच साधारण पाचच्या आसपास ठेवावा लागतो. तो साडेसहावर गेला की हे दोन्ही नुसते लेबलवर उरतात. सुदैवाने केसांनाही किंचित आम्लधर्मी उत्पादनच मानवतं, कारण त्याने वरचं आवरण बसतं आणि केस कमी अडकतात.

प्रिझर्व्हेटिव्ह पुरेसं आहे की नाही हे डोळ्यांनी कळत नाही, वासानेही नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत चॅलेंज टेस्ट करतात. यूएसपी ५१ ही त्याची रुळलेली पद्धत. तुमच्या क्रीममध्ये मुद्दाम जीवाणू, यीस्ट आणि बुरशी सोडतात आणि २८ दिवस मोजत राहतात. खर्च काहीशे डॉलर. लोगोवर यापेक्षा जास्त खर्च करून ही चाचणी टाळणारे लोक असतात. त्यांच्या नादी लागू नका.

पाणीच नको, असाही मार्ग आहे. नुसतं तेल किंवा बटर हे पहिलं उत्पादन म्हणून सोपं. पण शिया बटर हळूहळू गार झालं की त्यात रव्यासारखे कण धरतात आणि ग्राहकाला माल खराब वाटतो. नीट वितळवून भराभर थंड करावं लागतं. आणखी एक गोष्ट: तेल म्हणजे ओलावा नव्हे. ते असलेला ओलावा अडवतं. खोबरेल मात्र थोडं वेगळं आहे. मुंबईत मॅरिकोच्या संशोधकांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली, तेव्हा केसातल्या प्रथिनाची झीज फक्त खोबरेलाने कमी झाली. त्यातल्या लॉरिक आम्लाचा सरळ, छोटा रेणू केसात शिरतो. म्हणून ते धुण्याआधी लावायला उत्तम. घट्ट पिळाच्या काही केसांना मात्र तेच खोबरेल रोज लावलं तर केस कडक होतात अशी तक्रार येते. आजीचं नुस्खं म्हणून खपवण्याआधी त्याच डोक्यांवर तपासा.

कंडिशनर काढणार असाल तर घर्षण कमी करण्याचं खरं काम तेल करत नाही, धन भाराचे घटक करतात. झिजलेल्या केसावर ऋण भार असतो, त्याला ते जाऊन चिकटतात. बेहेनट्रायमोनियम मेथोसल्फेट हे त्यातलं आवडतं नाव. नावात सल्फेट असलं तरी शाम्पूतल्या फेसाळ सल्फेटशी त्याचा संबंध नाही. तरीही ‘सल्फेट-फ्री म्हणता आणि हे काय?’ असा निरोप तुम्हाला येणारच. उत्तर आधीच लिहून ठेवा.

क्रीम जमलं की स्थिरता तपासा. ज्या बाटलीत विकायचं त्याच बाटलीत भरून काही नग खोलीच्या तापमानाला, काही ४०-४५ अंश सेल्सिअसला तीन महिने ठेवतात, काही गोठवून-वितळवून बघतात. रंग बदलतो का, थर सुटतात का, पंप अडतो का? उन्हाळ्यात कुरिअरच्या ट्रकमध्ये तुमच्या बटरचं काय होईल याचं उत्तरही यातच मिळतं. त्वचेवर पुरळ येते का हे पाहायला माणसांवर वारंवार पॅच लावून करायची चाचणी असते. ती महाग आहे, काही हजार डॉलरांची. विक्री जराशी स्थिरावली की करा. तोवर सुगंधी तेलं हात राखून वापरा, कारण टाळूच्या तक्रारींत त्यांचा वाटा मोठा असतो.

कायद्याचा भाग

अमेरिकेत २९ डिसेंबर २०२२ पासून मोक्रा नावाचा नवा सौंदर्यप्रसाधन कायदा आला. तो का आला हे कळलं की तो पाळायची सवयही लागते. वेन नावाच्या केस धुण्याच्या कंडिशनरमुळे केस गेल्याच्या १२७ तक्रारी एफडीएकडे, म्हणजे अमेरिकेच्या अन्न आणि औषध नियामक संस्थेकडे, थेट आल्या होत्या. तपासणी केली तेव्हा कंपन्यांकडे २१,००० हून जास्त तक्रारी पडून असल्याचं दिसलं. त्या कळवण्याचं बंधन तेव्हा कुणावरच नव्हतं. आता आहे. गंभीर त्रासाच्या व्याख्येत लक्षणीय केसगळती हे शब्द मुद्दाम घातले आहेत. अशी तक्रार आली की १५ कामकाजी दिवसांत एफडीएला कळवावं लागतं. त्यासाठी ग्राहकाला तुमच्यापर्यंत पोचता येईल असा अमेरिकेतला पत्ता, फोन किंवा वेबसाइटसारखा संपर्क लेबलवर लागतो.

ज्यांची अमेरिकेतली तीन वर्षांची सरासरी विक्री दहा लाख डॉलरांखाली आहे, अशा छोट्या धंद्यांना कारखाना नोंदणी, उत्पादनांची यादी देणं आणि उत्पादन पद्धतीचे नियम यांतून सूट आहे. केसांच्या रंगासारखी २४ तासांहून जास्त काळ रूप बदलणारी उत्पादनं मात्र या सवलतीत बसत नाहीत. आणि उत्पादन सुरक्षित असल्याचा पुरावा जवळ ठेवण्यातून कुणालाच सूट नाही. एफडीए नोंदणीचे पैसे घेत नाही, सौंदर्यप्रसाधनांना मंजुरीही देत नाही. तेव्हा ‘एफडीए सर्टिफिकेट मिळवून देतो’ म्हणणाऱ्याचा फोन ठेवून द्या.

केसवाल्यांचा पाय हमखास घसरतो तो दाव्यांवर. ‘तुटणं कमी होतं’, ‘दाट दिसतात’, ‘मऊ होतात’ हे चालतं. ‘केस वाढतात’ म्हटलं की तुमचं तेल औषध ठरतं, आणि केस वाढवण्याचा दावा करणारी बिनचिठ्ठीची उत्पादनं एफडीएने १९८९ च्या नियमातच बाद केलेली आहेत. मिनॉक्सिडिल या केसगळतीवरच्या औषधाला वेगळी मंजुरी घ्यावी लागली. रोझमेरी तेलाची २ टक्के मिनॉक्सिडिलशी तुलना करणारी २०१५ ची एक छोटी चाचणी सगळ्यांच्या तोंडी असते. तिच्या बळावर लेबलवर वाढीचं वचन देता येत नाही. कोंड्याचंही तसंच, तो औषधाचा प्रांत आहे. ग्राहकाने लिहिलेलं ‘माझे केस चार इंच वाढले’ हे तुम्ही आपल्या पानावर झळकवलं, तर तो तुमचाच दावा धरला जाऊ शकतो.

‘नॅचरल’ शब्दाची एफडीएने सौंदर्यप्रसाधनांसाठी व्याख्या केलेली नाही. ‘ऑरगॅनिक’ला मात्र कृषी खात्याचे नियम लागतात. राज्यांचे कायदे निराळे: फ्लोरिडात घरी बनवायलाही परवाना लागू शकतो, तर कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून फॉर्मल्डिहाइडसह चोवीस घटकांवर बंदी घातली आहे. बाकी कंपनी नोंदवणं, नावाचा ट्रेडमार्क आधी शोधून मग अर्ज करणं, उत्पादन-जबाबदारीचा विमा काढणं, ही कामं नेहमीचीच. व्हिसावर असाल तर स्वतःच्या कंपनीत काम करायची तरी परवानगी आहे का, हे बाटली भरण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. कंपनीचे मालक असणं आणि तिथे काम करणं या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हिशोब, कागदावर

समजा लीव्ह-इन क्रीमची, म्हणजे लावून न धुता केसांत ठेवायच्या क्रीमची, बाटली १८ डॉलरला विकायची आहे. कच्चा माल, बाटली-पंप, लेबल, भराई, खोक्याचा वाटा आणि कारखान्यातून येण्याचं भाडं धरून ती ३ डॉलर ६० सेंटला पडते. स्वतःच्या वेबसाइटवर विकली आणि पाठवणी फुकट दिली तर आणखी ६ डॉलर गेले, कार्डचं शुल्क ८० सेंटच्या आसपास. हातात उरले सुमारे साडेसात. आता हा ग्राहक आणायला जाहिरातीवर १५ डॉलर लागले असतील तर पहिल्या बाटलीवर तुम्ही साडेसात डॉलर तोट्यात आहात. तोच ग्राहक जाहिरातीशिवाय परत आला की दुसऱ्या बाटलीवर बरोबरी होते, तिसरीपासून कमाई. तो ग्राहक परत आलाच नाही तर जितका धंदा वाढेल तितका खड्डा खोल. म्हणून महिन्याची एकूण विक्री मिरवू नका. जानेवारीत पहिल्यांदा घेतलेल्या शंभरांपैकी एप्रिलपर्यंत किती जणींनी पुन्हा घेतलं, हा तक्ता दर महिन्याला भरा.

दुकानाला देताना तीच बाटली साधारण निम्म्या किमतीत, म्हणजे ९ डॉलरला जाईल. मध्ये वितरक आला तर आणखी कमी. मालाचा खर्च विक्री किमतीच्या चौथ्या-पाचव्या हिश्शापेक्षा जास्त असेल तर दुकानाचा रस्ता तुमच्यासाठी बंदच आहे. किंमत सुरुवातीलाच नीट लावा. ‘आपल्या माणसांना स्वस्तात द्यावं’ ही भावना समजते, पण मागाहून भाव वाढवताना हीच माणसं नाराज होतात.

कॉन्ट्रॅक्टवर माल बनवून घ्यायची वेळ आली की बहुतेक कारखाने एका वेळी हजार ते पाच हजार बाटल्यांची किमान मागणी सांगतात. त्याआधी एक प्रश्न लेखी सोडवून घ्या: फॉर्म्युला कुणाचा? कारखान्याच्या तयार मिश्रणात तुमचा वास घालून मिळत असेल तर तो फॉर्म्युला त्यांचा, आणि उद्या कारखाना बदललात तर नव्याने सुरुवात. तुमच्या वहीतला फॉर्म्युला असेल तर टक्केवारीसकट बॅच शीट तुमच्या ताब्यात आणि मालकी तुमची, हे करारात लिहून घ्या. घटक बदलताना तुमची लेखी संमती लागेल हेही घाला. केसांना बदल लगेच कळतो. मियेल ऑरगॅनिक्स २०२३ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलकडे जात असल्याची बातमी आली, तेव्हा लोकांची पहिली धास्ती ‘आता फॉर्म्युला बदलणार’ हीच होती. संस्थापिका मोनिक रॉड्रिग्ज यांना तो बदलणार नाही असं जाहीरपणे सांगावं लागलं.

पहिले शंभर ग्राहक

यावर फार लिहिण्यासारखं नाही, करण्यासारखं आहे. वॉकरबाईंची एजंट आज सलूनच्या खुर्चीमागे उभी असते. नॅचरल केसांचं काम करणाऱ्या दहा-बारा जणींना मोठ्या बाटल्या द्या, पुढच्या आठवड्यात स्वतः जाऊन विचारा. त्या खोटं कौतुक करणार नाहीत, कारण त्यांचा वेळ जातो. गुंता सोडवायला दहा मिनिटं कमी लागली तर त्या स्वतःहून गिऱ्हाइकांना सांगतात. जाहिरातीवर पैसे घालायचे ते यानंतर.

पैसा

आकडे कटू आहेत. गुंतवणुकींची नोंद ठेवणाऱ्या क्रंचबेसच्या आकड्यांनुसार २०२३ मध्ये अमेरिकेतल्या व्हेंचर भांडवलापैकी, म्हणजे हिस्सा घेऊन नव्या कंपन्यांत घातल्या जाणाऱ्या पैशापैकी, कृष्णवर्णीय संस्थापकांच्या कंपन्यांना अर्ध्या टक्क्याहूनही कमी मिळालं. फक्त स्त्रियांनी स्थापलेल्या कंपन्यांचा वाटा वर्षानुवर्षं दोन टक्क्यांच्या आसपास घोटाळतो आहे. तेव्हा व्हेंचर भांडवल मिळेलच असं धरून योजना आखू नका. खरं सांगायचं तर केसांच्या क्रीमला सुरुवातीला त्याची गरजही नसते. ज्यांच्या दुसऱ्या बाटलीचा तक्ता अजून कोरा आहे त्यांच्या हातात मोठी रक्कम आली की ती जाहिरातीत विरघळते.

आधी जवळचे मार्ग बघा. एसबीए या छोट्या धंद्यांसाठीच्या सरकारी संस्थेची मायक्रोलोन, म्हणजे छोटं कर्ज, ना-नफा संस्थांमार्फत मिळते, कमाल ५०,००० डॉलर. मालकांच्या नागरिकत्वाबद्दल त्यांचे नियम कडक आहेत आणि बदलत असतात, म्हणून अर्जाआधी ताजे वाचा. सीडीएफआय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सामुदायिक वित्तसंस्था बँकांनी नाकारलेल्यांना कर्ज देण्यासाठीच आहेत आणि त्यांतल्या अनेक हिशोब शिकवतातही. रेग्युलेशन क्राउडफंडिंगखाली बारा महिन्यांत ५० लाख डॉलरपर्यंत सामान्य लोकांकडून भांडवल घेता येतं. ज्या ब्रँडचे ग्राहक बोलके आणि आपलेपणाने वागणारे असतात त्यांना हा मार्ग चांगला मानवतो. पण मग त्या ग्राहकांना दरवर्षी हिशोब द्यायचाही असतो.

विशिष्ट समाजगटासाठीच्या अनुदानांवर घर बांधू नका. फिअरलेस फंड कृष्णवर्णीय स्त्रियांच्या धंद्यांना २०,००० डॉलरची अनुदानं देत असे. त्यावर २०२३ मध्ये खटला झाला, २०२४ मध्ये अपील न्यायालयाचा निकाल विरुद्ध गेला आणि तडजोडीत ती योजनाच बंद झाली. मिळालं तर घ्या, पण ते आलं नाही तरी पुढचा घाणा निघाला पाहिजे.

गुंतवणूकदारांपुढे जायची वेळ आलीच, तर २०१८ चं एक संशोधन लक्षात ठेवा. एका मोठ्या स्टार्टअप स्पर्धेतल्या प्रश्नोत्तरांचा अभ्यास केला तेव्हा पुरुषांना बहुतेक प्रश्न ‘किती वाढाल?’ या धाटणीचे आणि स्त्रियांना ‘बुडणार कसे नाही?’ या धाटणीचे विचारले गेल्याचं दिसलं. विचारणाऱ्या स्त्रियाही याला अपवाद नव्हत्या. बचावाच्या प्रश्नाला बचावाचंच उत्तर देणाऱ्यांना पैसे कमी मिळाले. ‘ग्राहक टिकवणार कसे?’ असं विचारलं तर टिकवण्याची पद्धत सांगून थांबू नका. टिकलेल्या ग्राहकांच्या जोरावर पुढचा बाजार कोणता आणि केवढा, तिथपर्यंत उत्तर न्या. घरी बसून असे दहा प्रश्न लिहा आणि प्रत्येकाचं उत्तर वाढीकडे वळवून बघा. सवयीनेच येतं हे.

‘बाजार छोटा आहे’ हेही ऐकावं लागेल. वाद घालू नका, सौदे मोजून दाखवा: लॉरेआलने २०१४ मध्ये कॅरल्स डॉटर घेतलं, युनिलिव्हरने २०१७ मध्ये शीमॉइश्चरची मूळ कंपनी सनडायल, प्रॉक्टर अँड गॅम्बलने २०१८ मध्ये ट्रिस्टन वॉकर यांची वॉकर अँड कंपनी आणि २०२३ मध्ये मियेल. त्यानंतर तुमचा पुनर्खरेदीचा तक्ता ठेवा. ज्याने आयुष्यात वॉश डे पाहिलेला नाही त्याला क्रीम हातावर चोळून काही कळत नाही, तक्ता कळतो.

दुकानाची फळी

२०२० मध्ये बरंच काही हललं. ‘मल्टिकल्चरल’, म्हणजे मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या, केसांची उत्पादनं कुलपात ठेवणं बंद करू, असं वॉलमार्टने त्या जूनमध्ये जाहीर केलं. ऑरोरा जेम्स यांनी सुरू केलेल्या ‘फिफ्टीन पर्सेंट प्लेज’खाली काही साखळी दुकानांनी पंधरा टक्के फळ्या कृष्णवर्णीयांच्या ब्रँडना देण्याचं कबूल केलं. अनेक छोट्या ब्रँडना एकदम दारं उघडली आणि काहींचा जीव त्या दारातच गुदमरला.

का, ते गणितात बघा. दुकानाने ६,००० बाटल्या मागवल्या. बनवायला २१,६०० डॉलर, त्यातले निम्मे कारखान्याला आगाऊ, निम्मे माल घेताना. माल तयार व्हायला दोन-तीन महिने. दुकान ५४,००० डॉलर देणार, पण माल पोचल्यावर ६० दिवसांनी. म्हणजे जवळजवळ पाच महिने तुमचे पैसे अडकलेले, आणि त्या काळात ऑर्डर पुन्हा आली तर दुसरे २१,६०० कुठून आणणार? ऑर्डरवर कर्ज देणारे आणि बिल विकत घेणारे असतात, पण त्यांचं व्याज नफ्यातून जातं. ते आधी हिशोबात धरा.

त्यात दुकानाच्या कराराचं बारीक टाइप. लेबल चुकीच्या जागी लागलं, ट्रक उशिरा पोचला, की दंड कापून घेतात. न विकलेला माल परत पाठवायची मुभा त्यांना असते. सवलतीच्या सेलचा भार अनेकदा तुमच्यावर टाकतात. उत्पादन-जबाबदारीचा विमा बहुधा किमान दहा लाख डॉलरचा मागतात. बारकोड ते देणाऱ्या जीएस१ या संस्थेकडूनच घ्या, नेटवर स्वस्तात मिळणारे जुने बारकोड मोठी दुकानं नाकारतात.

दोन हजार दुकानं देऊ केली तर शंभर मागा, आणि तीही जिथे तुमचे ऑनलाइन ग्राहक आधीच राहतात त्या भागातली. पिनकोडनिहाय ऑर्डरींची यादी खरेदी अधिकाऱ्यापुढे ठेवली की हे बोलणं सोपं जातं. तो बघतो तो आकडा म्हणजे दर दुकानात दर आठवड्याला किती बाटल्या गेल्या. शंभर ठिकाणी हा आकडा चांगला आला तर पुढची दुकानं तो स्वतः देतो. दोन हजार ठिकाणी तो खराब आला तर पुढच्या वर्षी फळी जाते आणि उरलेला माल खोक्यांनिशी तुमच्या गॅरेजमध्ये परत येतो. बोलणीत परतीच्या मालाला टक्क्याची मर्यादा मागा आणि पहिल्या ऑर्डरीचे पैसे ३० दिवसांत मागा. दोन्ही मिळणार नाहीत, पण एक बहुधा मिळतं. आणि उत्पादन कोणत्या फळीवर लागणार हेही त्याच बैठकीत विचारून घ्या: कंडिशनरच्या रांगेत, की मागच्या कोपऱ्यातल्या वेगळ्या कपाटात.